अर्ध्या क्लचवर

फटफटीनं पायी चालणाऱ्याला मागं टाकावं, ही जगाची रीत. पण त्या दिवशी ईट गावाहून वस्तीकडं जाणाऱ्या रस्त्यावर नेमकं उलटं घडलं.

चांगुणा गायकवाड शाळेला निघाली होती. शाळा गावापासून चांगली अर्ध्या तासाच्या चालीवर, वस्तीवर. एकच खोली, चार इयत्ता, आणि हेडमास्तर म्हणा, शिपाई म्हणा, सगळं एकटी चांगुणाच. थंडीचे दिवस होते. त्या साली पाऊस नुसतं तोंड दाखवून गेला होता. ज्वारी गुडघ्याला आली आणि तिथंच थांबली. धुळीला मात्र काही तोटा नव्हता. नाकाला पदर लावून ती झपाझप चालली होती, तेवढ्यात मागून एवढा मोठा आवाज आला की बाभळीवरचे व्हले भुर्रकन उडाले.

ती दचकून कडेला सरली. थांबली. गाडी काही पुढं येईना. वळून बघते तर एक फटफटी जीव खाऊन बोंबलत होती, मागं धुराचा लोट, वर एक तरणा गडी दातओठ खात बसलेला, आणि चाक मात्र बैलगाडीच्या चालीनं फिरत होतं. आता ह्यात थांबून बघण्यासारखं काय आहे, असं म्हणून चांगुणा आपली चालायला लागली. आवाज मागं पडत गेला. पुढं चढ लागला तसा तो बंदच झाला.

"बाई... ओ बाई, जरा थांबता का?"

चांगुणा थांबली. "का? शर्यत लावायचीय?"

तो हसला. हसला म्हणजे लाजलाच. कपाळावर धूळ, धुळीत घामाचे ओघळ, आणि तरीही पोरगं दिसायला बरं होतं, हे चांगुणानं बघून घेतलं. बघितलंच नाही असं दाखवलं, ती गोष्ट वेगळी.

"क्लच घसरतोय," तो म्हणाला. "म्हंजे, इंजिन पळतंय, पण चाकाला त्याचा पत्ताच न्हाय."

"आमच्या तिसरीत बी तसंच हाय. मी बोलत असते, पोरांना पत्ताच नसतो."

"तुम्ही शिक्षिका आहात?"

"का, दिसत न्हाय का तशी?"

"दिसता की... म्हंजे, तसं न्हाय... म्हंजे तसंच." त्याची जीभ अडखळली आणि ती सावरायला म्हणून तो कॅरिअरला बांधलेली लाकडी पेटी सोडू लागला. "एवढी पेटी चढ संपेपर्यंत धराल का? दुधाच्या नमुन्याच्या बाटल्या आहेत. गाडी ढकलताना पडली तर सगळ्या गावाचं दूध परत तपासायला लागंल. आणि मग गाव मला तपासंल."

चांगुणानं पेटी घेतली. तो गाडी ढकलू लागला. दूध संघ नुकताच उभा राहिला होता, गावोगाव सोसायट्या निघत होत्या आणि हा त्यांचा नवा सुपरवायझर. सकाळी सोसायट्यांवर जायचं, दुधाची फॅट तपासायची, नमुने गोळा करून तालुक्याला, भूमला पोचवायचे. गाडी त्याची स्वतःची होती, म्हणजे तिसऱ्या का चौथ्या हातची. संघाची अटच होती की गाडी असली तर नोकरी.

"मच्छिंद्र ओव्हाळ," चढ संपल्यावर धापा टाकत त्यानं नाव सांगितलं.

"चांगुणा गायकवाड."

"जय भीम, बाई."

"जय भीम," ती म्हणाली, आणि पेटी त्याच्या हातात देऊन शाळेकडं वळली. पोरं दारातच उभी होती. त्या दिवशी पाढे म्हणून घेताना बाई मधेच का हसतायत, ते कुणालाच कळलं नाही.

आठवडा गेला असेल नसेल. सकाळची वेळ, तोच रस्ता, आणि मागून फटफटीचा आवाज. ह्या वेळी चांगला, गुबगुबीत. जवळ आल्यावर तो हळू झाला.

"नीट झाली का?" चांगुणानं न बघताच विचारलं.

"झाली. सगळा क्लच खोलला. प्लेटा नव्या घातल्या. अर्धा पगार गेला, पण आता बघायचं काम न्हाय." मग जरा थांबून, "बसा की मागं. शाळंपर्यंत सोडतो."

"मी मागं बसले तर मी शाळंत पोचायच्या आत गावात तारीख ठरंल."

"कसली तारीख?"

"इन्स्पेक्शनची," चांगुणा म्हणाली आणि पदर दाताखाली धरला.

त्यानं मान डोलावली. ती म्हणत होती ते खरंच होतं. बिनलग्नाची पोर, त्यात शिकलेली, त्यात बाई म्हणून पगार उचलणारी. अशा पोरीवर गावाचं लक्ष फार. ती कुणाच्या फटफटीवर बसली, तर रोजगार हमीच्या खडीवरच्या बायकांना दिवसभराचा विषय. पण रस्ता सरकारी. एका कडेनं बाई पायी चाललीय आणि दुसऱ्या चाकोरीतून सुपरवायझर आपल्या गाडीवर चाललाय, तर त्यात कुणाला काय बोलायला जागा?

"मग मी हळू चालवतो," मच्छिंद्र म्हणाला.

आणि हे सुरू झालं.

रोज सकाळी तो गावाबाहेरच्या वळणावर तिला गाठायचा. डाव्या हाताची बोटं क्लचवर, अर्धा दाबून धरलेला, पाय जमिनीला टेकतील न टेकतील असे. गाडी गुरगुरत, लटपटत तिच्या पावलाला पाऊल लावून चालायची. मधे पुरं एक हात अंतर. ते अंतर दोघांनीही इमानदारीनं पाळलं. बोलणं मात्र कुठं अंतर पाळतंय. वस्तीवरच्या शाळेत पोरांच्या खाऊची सुकडी कमी आली इथपासून ते कुणाच्या म्हशीनं कुणाला लाथ मारली इथपर्यंत सगळं.

"तुम्ही आज फूल घातलं न्हाय," तो एकदा म्हणाला.

"तुमचं लक्ष रस्त्यावर असतंय का माझ्या डोक्यावर?"

"रस्त्यावरच."

ती खाली वाकून चप्पल नीट करायला लागली आणि तिला गाडीचा आरसा दिसला. आरशात रस्ता नव्हताच. आरशात तीच होती, नाकाला लावलेल्या पदरासकट. तिनं आपली चप्पल ठीक केली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं शेवंतीचं चांगलं टपोरं फूल माळलं, आणि त्यानं आरसा आणखी थोडा वळवून घेतला.

सगळं असं गोड चाललेलं, आणि एका सकाळी फटफटी पुन्हा बोंबलली. पुन्हा तोच जळका वास, पुन्हा तेच चाकाचं बैलगाडीपण. दुधाच्या टेम्पोत घालून गाडी भूमला गेली. तिथल्या बसवराज मिस्त्रीनं पुन्हा सगळं खोललं. पुन्हा अर्धा पगार. महिना झाला, दीड झाला, आणि परत तेच. मिस्त्रीनं तारा बदलल्या, स्प्रिंगा बदलल्या, तेल बदललं. प्लेटा बार्शीला मिळाल्या तर मिळाल्या, नाहीतर थेट सोलापूर. क्लच नुसता महाग नव्हता, त्याला बसून वेळ द्यावा लागायचा. कव्हर काढा, स्प्रिंगा दाबून एकेक सोडवा, जाड कागदावर हातोडीनं ठोकून पॅकिंग कापा, नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजत घाला. मच्छिंद्रचा रविवार जायचा मिस्त्रीशेजारी पोत्यावर बसून, आणि सोमवारी चांगुणाला तीच कथा ऐकायला मिळायची.

"आता ह्या वेळंला प्लेटा भारीतल्या टाकल्यात."

"बरं."

"मिस्त्री म्हणाला, तेलात भेसळ असणार."

"असंल."

"एकदा ही गाडी नीट होऊ द्या, बाई," तो म्हणाला आणि गाडीच्या टाकीकडं बघत राहिला. "मग मला तुमच्याशी... एक बोलायचंय."

चांगुणा चालता चालता थांबली. "मग आत्ता बोला की."

"न्हाय. मोडक्या गाडीवरून बोलायची गोष्ट न्हाय ती."

आता सांगा, अशा माणसाचं काय करावं? काय बोलायचंय ते वस्तीवरच्या पोरांनासुद्धा ठाऊक झालं होतं. चांगुणा रात्री अंथरुणावर पडून मनातल्या मनात त्याचं ते वाक्य त्याच्या वतीनं बोलून बघायची, वेगवेगळ्या तऱ्हेनं, आणि प्रत्येक तऱ्हेला तिचं उत्तर एकच होतं. पण हा गडी बोलेल तर शपथ. गाडी नीट झाली की बोलणार, आणि गाडी काही नीट व्हायला तयार नाही. चांगुणाला त्या फटफटीचा सवतीसारखा राग यायला लागला.

तशात मालनबाई, चांगुणाची मावशी, जवळच्या वाशीहून स्थळ घेऊन आली. पोरगा कचेरीत चिकटलेला, नोकरी कायम, घरी विहीर, आणि मागणं काही नाही. रविवारी बघायला येणार. आई, भिमाबाई, एकदम खूश. वडील, पिराजी, उठून अंगणात गेले. ते तसेही कमीच बोलायचे. म्हशीला कडबा टाकत राहिले. चांगुणानं ताटातली भाकरी नुसती चिवडली.

'नको' म्हणायचं तर कुणाच्या नावावर म्हणायचं? ज्यानं अजून तोंड उघडलं नाही त्याच्या?

शुक्रवारी सकाळी तिनं ठरवलं होतं, आज आपणच सांगायचं. वळणावर तो दिसला, पण गाडीवर नव्हता. गाडीशेजारी उकिडवा बसला होता, आणि सगळीकडं तो जळका वास.

"बाई, आज काही विचारू नका," तो म्हणाला. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "संघाचे मॅनेजर म्हणाले, परत गाडी बंद पडली तर ही गावांची लाइन दुसऱ्याला देणार. मला बसवणार कुठंतरी लांब, शीतकरण केंद्रात, कॅन मोजत."

टेम्पो आला. गाडी चढवायला चार माणसं लागली. त्या गडबडीत चांगुणाचं सांगायचं तोंडातच राहिलं.

शनिवारी सकाळची शाळा. ती सुटल्या सुटल्या चांगुणानं भूमची एसटी धरली. घरी सांगितलं, पंचायत समितीत काम आहे. काम होतंही, पण ते सोमवारी केलं असतं तरी चाललं असतं.

बसवराज मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड, एक पत्र्याची टपरी आणि जमिनीवर अंथरलेली पोती. शेजारीच कडूबाईची खव्याची भट्टी. मोठ्या कढईत दूध आटत होतं आणि कडूबाई उलथनं फिरवत एक डोळा गॅरेजवर ठेवून होती. मच्छिंद्रची फटफटी पोत्यावर आडवी पडली होती, पोट उघडं टाकून. मिस्त्री स्प्रिंग दाबत होता, मच्छिंद्र प्लेट धरून बसला होता. कोपरापर्यंत काळा झालेला. चांगुणा लिंबाच्या बुंध्यामागं थबकली.

स्प्रिंग सटकली. टणकन उडाली आणि सरळ कडूबाईच्या कढईत.

"मिस्त्री," कडूबाई उलथन्यानं स्प्रिंग बाहेर काढत शांतपणे म्हणाली, "पेढ्यात लोखंड निघालं तर गिऱ्हाईक मला खाईल."

पण मिस्त्रीचा तोल आधीच गेला होता. त्यानं पाना पोत्यावर आपटला. "बास झालं. साहेब, म्या दिवसभर क्लच खोलतोय, मला दुसरी गिऱ्हाइकं हायती का न्हाय? वर्षभर चालनाऱ्या प्लेटा तुमी महिन्यात जाळता. ह्यो बघा वास. ह्यो बघा रंग, निळा पडलाय. तेल चांगलं, तार चांगली, प्लेट चांगली. मंग जळतंय कशानं?"

"तेच तर मी तुम्हाला विचारतोय," मच्छिंद्र कळवळून म्हणाला.

"मला नगा विचारू. मला सांगा, गाडी चालवता कशी? क्लच अर्धा दाबून धरता का?"

"अर्धा... म्हंजे, कधीमधी..."

"कधीमधी न्हाय. रोज. लांबवर. मानसाच्या चालीनं. फटफटी एवढी हळू कुनी चालवत न्हाय, साहेब, वरातीत बी न्हाय. कुटं जाता तुमी एवढं हळूहळू?"

मच्छिंद्रनं प्लेट उलटीपालटी करून बघितली. मान वर केली, आणि समोर झाडाआडून अर्धी दिसणारी चांगुणा त्याच्या नजरेला पडली. तिच्या हातातली पिशवी खाली आली होती. तिलाही त्याच क्षणी उमगलं होतं. दोघांच्याही कानाच्या पाळ्या एकदमच लाल झाल्या.

कडूबाईनं ह्याच्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि उलथनं थांबवलं. "मिस्त्री, नटबोल्टातनं जरा डोकं वर काढा."

मिस्त्रीनं डोकं वर काढलं. "असं व्हय," तो म्हणाला. "मंग ह्याला नुसत्या प्लेटा टाकून उपेग न्हाय."

तो उठून टपरीत गेला, आणि तिथं त्याला एकदम खूप कामं आठवली. कडूबाईला मात्र कढई सोडून जाता येत नव्हतं, आणि तिची तशी इच्छाही नव्हती.

चांगुणा पुढं आली. मच्छिंद्र उभा राहिला. काळे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"न्हाय. आईशप्पथ न्हाय. मी आपला तेलाला शिव्या देत होतो."

"आणि आता ठाऊक झालं. आता काय करणार?"

"आता..." तो खाली बघत म्हणाला, "आता गाडी जोरात चालवायला लागंल. म्हंजे तुम्हाला मागं टाकून जावं लागंल." एवढं बोलताना त्याचा चेहरा असा झाला, की चांगुणाला हसूही आलं आणि दयाही आली.

"मच्छिंद्र," ती म्हणाली. पहिल्यांदाच नावानं. "उद्या वाशीचे पाहुणे येणार आहेत. मला बघायला."

त्याच्या हातातली प्लेट खाली घरंगळत गेली.

"गाडी नीट झाल्यावर तुम्हाला काय बोलायचं होतं?"

"तुमच्या वडलांना भेटायचं होतं." आवाज एवढा बारीक, की कडूबाईला कान पुढं करावा लागला. "म्हटलं, मोडकी गाडी घेऊन, मोकळ्या हातानं काय जायचं? चार पैसे गाठीला लागू देत. पण गाठीला लागले, की क्लच जातोय."

"आणि क्लच का जातोय?"

"तुमच्याबरोबर चालतो म्हणून."

"आणि माझ्याबरोबर कशाला चालता?"

"आता ते बी सांगू का, बाई?" तो म्हणाला. मग मान वर करून सरळ तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "तुमच्याबरोबर चालायला मिळतं म्हणून मी सकाळ होण्याची वाट बघतो. दुसरं कारण न्हाय."

इतके महिने ज्याची वाट पाहिली ते असं गॅरेजात, जळक्या तेलाच्या वासात ऐकायला मिळालं. तरी चांगुणाला ते एवढं आवडलं, की तिनं पिशवी उगाच ह्या हातातून त्या हातात घेतली. मग तिचा मास्तरीण स्वभाव जागा झाला.

"म्हंजे बघा," ती बोटांवर मोजत म्हणाली, "गाडी नीट झाली की तुम्ही विचारणार. माझ्याबरोबर चालता तोवर गाडी नीट होणार न्हाय. आणि माझ्याबरोबर चालणं तुम्ही सोडणार न्हाय. मग ह्या हिशेबानं आपलं लगीन कधी होणार?"

लगीन हा शब्द तिच्याच तोंडून गेला. गेला तो गेला. तिनं जीभ चावली. मच्छिंद्र डोळे मोठ्ठे करून बघत राहिला, आणि मग त्याच्या काळ्याकुट्ट चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की कडूबाईनंसुद्धा कढईकडं तोंड फिरवलं.

"मिस्त्री," त्यानं हाक मारली, "गाडी संध्याकाळपर्यंत होईल का?"

"कशी व्हईल? प्लेटा रातभर तेलात भिजल्या पायजेत. उद्या दुपार."

"उद्या दुपारी तर पाहुणे जेवायला बसलेले असतील," चांगुणा म्हणाली.

मच्छिंद्रनं पोत्यावर पसरलेल्या गाडीकडं एकदा बघितलं. मग चिंधीला हात पुसले, म्हणजे पुसल्यासारखे केले, आणि म्हणाला, "ईटची एसटी कितीला हाय?"

एसटीत बाजाराची गर्दी होती. कंडक्टर जवळ आला तसं मच्छिंद्रनं पैसे पुढं केले. "दोन ईट."

नुसते दोन शब्द, पण चांगुणानं ते दोन-तीनदा मनात घोळवले. तिच्या बाकावर अर्धी जागा रिकामी होती आणि मच्छिंद्र दांडीला लटकून उभा होता. पुढच्या बाकावर ईटच्याच दोन बायका माना वळवून बसल्या होत्या. चांगुणानं पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ती म्हणाली.

"लोक बघतायत."

"मी बी बघतेय की. बसा."

तो बसला. अंग चोरून, एक हात अंतर जमलं नाही म्हणून बोटभर तरी ठेवून. रस्त्यानं एसटी खड्ड्यात गेली की तेही राहायचं नाही. दोघंही खिडकीबाहेर बघत राहिले, आणि दोघांनाही बाहेर काय होतं ते विचाराल तर सांगता यायचं नाही.

घराच्या अंगणात भिमाबाई सारवत होत्या, उद्याच्या पाहुण्यांसाठी. पिराजी म्हशीपुढं कडबा टाकत होते. लेकीच्या मागून तेलकट सदऱ्यातला सुपरवायझर आत आलेला बघून भिमाबाईंचा शेणाचा हात जमिनीवरच राहिला.

"जय भीम," मच्छिंद्र म्हणाला.

"जय भीम. या," पिराजी म्हणाले. "गाडी कुठंय?"

"भूमला. खोलून पडलीय."

"मग तसंच आलात?"

"व्हय. नीट व्हायची वाट बघत बसलो असतो तर... उशीर झाला असता." तो घुटमळला. चांगुणानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिला वाटलं, आपण बघितलं तर हा पुन्हा क्लचवर जाईल. पण तो गेला नाही. "मला चांगुणाबाईंशी लगीन करायचंय. तुमची परवानगी मागायला आलोय."

म्हशीनं कान हलवले.

"मला वाटलंच होतं," पिराजी म्हणाले आणि कडब्याची पेंढी खाली ठेवली. "रोज सकाळी ऐकतो मी. फटफटीचा आवाज म्हंजे आला आन् गेला. तुमचा आवाज गावाबाहेरच्या वळणापासनं वस्तीपर्यंत जातच न्हाय. मी हिच्या आईला म्हणत होतो, ही गाडी बिघडली का मालक बिघडला."

भिमाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता, हसून कसं चालेल? हात पदराला पुसत त्या उभ्या राहिल्या. "माणूस म्हणून तुमच्यात काही खोट न्हाय, बाबा. पण नोकरी?"

"दूध संघात. अजून कायम न्हाय," मच्छिंद्र म्हणाला. "ही लाइन राहील का न्हाय, ते बी सांगता येत न्हाय. पगार येतो, पण बराचसा क्लचला जातो. खोटं कशाला सांगू?"

"बघा बरं. आणि वाशीचा मुलगा कायम हाय," भिमाबाई नवऱ्याला म्हणाल्या. रागानं नव्हे, काळजीनं. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात रोजंदारी केलेल्या बाईला 'कायम' ह्या शब्दाची केवढी किंमत, ते चांगुणाला ठाऊक होतं. त्या रोजंदारीवरच ती शिकली होती. म्हणून तिचा आवाज चढला नाही.

"आई," ती म्हणाली, "तू मला शिकवलंस ते कशासाठी? मी कायम हाय की."

भिमाबाईंनी लेकीकडं बघितलं. त्यांना खरंच हे सुचलं नव्हतं. गावात पोरीसाठी कायम नवरा शोधायची पद्धत होती. पोरगी स्वतःच कायम असली तर काय करायचं, हे कुणी ठरवून ठेवलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्या चुलीकडं वळल्या.

"मालनला निरोप धाडतो," पिराजी म्हणाले. "उद्या सकाळच्या एसटीनं माणूस जाईल. पाहुण्यांना उगं हेलपाटा नको. आन् तुम्ही जेवल्याशिवाय जायचं न्हाय. हात धुवा."

चांगुणानं रांजणातलं पाणी तांब्यात घेतलं. दुष्काळाचं पाणी, जपून वापरायचं; ती बारीक धार धरून उभी राहिली. मच्छिंद्र हात चोळत राहिला, पण काळं काही निघेना. पाणी काळं होऊन खाली गेलं, हात तसेच.

"हे निघायचं न्हाय," तो ओशाळून म्हणाला. "लई दिवसांचं हाय."

"असं कसं निघत न्हाय," चांगुणा म्हणाली. तिनं तांब्या खाली ठेवला, चुलीतली चिमूटभर राख घेतली, आणि आईवडलांदेखत, कुंपणापलीकडनं बघणाऱ्या शेजारणीदेखत, त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन एकेक बोट घासायला बसली.